कॉम्प्रेसर गोड चालतोय

उस्तादांनी लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक कॉम्प्रेसरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाशी घट्ट धरली आणि डोळे मिटले. मागच्या बाल्कनीत ऊन नुसतं भाजून काढत होतं. एसीचा बाहेरचा डबा तिथेच लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेला होता, सतरा वर्षांपूर्वी, त्यांनीच. मागे त्यांची लेक उभी होती, हातात ओला टॉवेल आणि कपाळाला आठ्या. पण तोंडातून चकार शब्द नाही. बाबा मशीन ऐकत असले की घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही, हे तिला बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं.

"गोड चालतोय," उस्ताद डोळे उघडून म्हणाले. "कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. गॅस गेलाय, बस्स. गळती शोधायची, गॅस भरायचा. दोन तासांचं काम."

"बाबा, सकाळी नऊला तो कपॅसिटर नावाचा भाग बदललात तेव्हाही दोन तासच म्हणाला होतात. साडेबारा वाजले." लेक समोर येऊन मोठ्याने म्हणाली.

"मग? मशीन आहे, पोपट नाही, काय झालंय ते आपल्या तोंडाने सांगायला!"

लेकीने टॉवेल पिळला आणि ती आत गेली. जाताना काहीतरी पुटपुटली. उस्तादांना ते ऐकू आलं नाही, आणि आता लपवाछपवी कशाला करायची, त्यांना गेलं दीड वर्ष फारसं काही ऐकूच येत नव्हतं.

उजवा कान पार बंद. डाव्यात जरा धुगधुगी होती, समोरून मोठ्याने बोललं तर कळण्याइतकी. हे घरात कुणालाही माहीत नव्हतं, असं त्यांचं ठाम मत होतं. माणूस हुशार. टीव्हीचा आवाज किती आकड्यावर ठेवायचा ते पाठ करून टाकलेलं. दारावरची बेल वाजली की बाकीच्यांच्या माना कुठे वळतात त्यावर नजर. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे "काय म्हणालीस?" हा प्रश्न त्यांनी आयुष्यातून हद्दपार केला होता. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची आणि म्हणायचं, "बरोबर आहे." या दोन शब्दांवर माणूस किती दिवस काढू शकतो, सांगितलं तर खोटं वाटेल.

पण कानच गेला हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने? सगळ्या बाजाराने त्यांना उस्ताद केलं ते या कानासाठी. रस्त्यावरून जाताना वर बघून सांगायचे, 'तिसऱ्या मजल्यावरचा महिन्याभरात बसणार,' आणि तो बसायचा. शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिला धडा एकच, आधी कान, मग हात. मशीन उघडायच्या आधी ऐकायचं. तारेला चिमट्यासारखा मीटर लावून आकडे वाचणाऱ्यांना ते मिस्त्री मानतच नसत. "तो कारकून आहे," म्हणायचे, "पाना धरलेला कारकून."

आत खोलीत त्यांची बायको पलंगावर तीन उशांना टेकून बसली होती. तिचं हृदय थकलेलं. गेल्या हिवाळ्यात तीन आठवडे हॉस्पिटलात काढून ती घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी बापलेकीला समोर बसवून बजावलं होतं. "उन्हाळ्यात हिची खोली थंड ठेवणं हेच औषध समजा. तीसच्या वर पारा फार वेळ राहिला, तर हिचं हृदय तो ताण घेणार नाही. मग मला सांगू नका की सांगितलं नव्हतं." भिंतीवरच्या घड्याळात तापमानाचाही आकडा दिसायचा. सकाळी सत्तावीस होता. आता एकतीस. टेबलफॅन गरम वारा फेकत होता आणि गारव्यासाठी खिडकीला लावलेल्या ओल्या चादरी उन्हात टाकाव्यात तशा वाळत होत्या.

"आता कसं वाटतंय?" उस्तादांनी दारातून विचारलं.

"मस्त!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आधीपेक्षा पुष्कळ थंड आहे!"

हॉस्पिटलातून आल्यापासून ती अशीच मोठ्याने बोलायची. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणे, मोठ्याने बोललं की छाती मोकळी होते. उस्तादांना हा डॉक्टर त्यामुळे फार आवडायचा.

लेक तिला आपल्या घरी न्यायला तयार होती, पण तिचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. एवढ्या उन्हात गाडीत घालून तिला हलवणं हाच धोका. तेव्हा लेकीने तिसरा मार्ग धरला. वडिलांच्या समोर उभी राहिली, फोन कानाला लावला आणि मीटरला बोलावलं.

मीटर म्हणजे उस्तादांचा चेला. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण मीटर वापरायचा नाद सुटला नाही, म्हणून उस्तादांनीच हे नाव पाडलेलं. आता चाळिशी उलटलेला माणूस, स्वतःचं दुकान, हाताखाली चार फिटर, तरी बाजारात मीटरच.

"माझ्या घरात, माझ्या मशीनला मीटर हात लावणार?" उस्ताद भडकले.

लेक अगदी समोर येऊन, एकेक शब्द तोडून बोलली. "बाबा, नीट ऐका. या उष्म्यात सगळ्या शहरात एसी संपलेत. आठ-आठ दिवस थांबावं लागतंय. त्याच्या दुकानात एकच उरलाय. तोही एकाने सांगून ठेवलाय आणि तो माणूस तीन वाजता न्यायला येणार आहे. तीनच्या आत आपण हो म्हटलं तर तो आपल्याला देतो म्हणालाय. तीननंतर काही नाही. मग आईला घेऊन हॉस्पिटलच्या दारात बसायचं. ठरवा."

"ठरलंय. दुरुस्त करायचा. चांगलं मशीन हाताशी असताना नवं घ्यायला मला वेड लागलेलं नाही."

"आणि नाही झालं दुरुस्त तर?"

"मी ऐकलंय ना त्याला! माझ्या कानावर विश्वास नाही तुझा?"

लेक टॉवेल भिजवायला वळली. आईजवळ रात्री झोपायला नर्स ठेवूया म्हणून ती सहा महिने मागे लागली होती, तेव्हाही त्यांनी हेच विचारून तिला गप्प केलं होतं. 'मी निजतो ना तिच्या शेजारी. तिने नुसतं हूं केलं तरी मला जाग येते.'

दीड वाजता मीटर आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. आल्या आल्या उस्तादांच्या पाया पडला, काकूंच्या खोलीत डोकावला, घड्याळातला आकडा बघितला. बत्तीस. त्याचा चेहरा उतरला. मग बाल्कनीत येऊन त्याने आपली पेटी उघडली आणि तो चिमट्याचा मीटर बाहेर काढला.

"ठेव तो आत," उस्ताद म्हणाले. "मी ऐकून झालंय. हे बघ." आणि पुन्हा एकदा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, मूठ डाव्या कानाशी धरून त्यांनी डोळे मिटले. हाडाला थरथर लागत होती. कानात तो सतरा वर्षांचा ओळखीचा आवाज भरून आला. "वा! कसा गोड चालतोय. बेअरिंगला सुद्धा काही नाही. तू ऐक."

मीटर त्यांच्याकडे बघत राहिला होता. बारा वर्षांत त्याने उस्तादांना स्क्रू-ड्रायव्हर नेहमी उजव्या कानाला लावताना पाहिलं होतं. त्याने दांडा घेतला, स्वतः ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग पाठ वळवून त्याने मीटरचा चिमटा तारेला अडकवला, आकडा बघितला आणि मीटर तसाच भिंतीकडे तोंड करून सोडून दिला.

"काय?" लेकीने दारातून विचारलं. "सांगा ना दादा, नवा घ्यायचा का?"

मीटर पेटीशी वाकला. "उस्ताद म्हणतील तसं, ताई."

"तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय मी!"

"उस्तादांनी ऐकलंय ना. मी... मी खालून गॅसचा सिलिंडर घेऊन येतो."

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा माणूस, तोंडात काय गुळणी धरून बसला होता? पण त्याचंही ऐका. शिकत असताना एका घरी त्याने चुकीची तार जोडून नवंकोरं मशीन जाळलं होतं. मालक पोलिसात जायच्या गोष्टी करत होता. उस्ताद पुढे झाले आणि म्हणाले, 'चूक माझी आहे, याला मीच तसं सांगितलं होतं.' त्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच्या दारात मान खाली घालून बोलणी खाल्ली आणि पुन्हा कधी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. त्या माणसाला त्याच्याच लेकीसमोर, त्याच्याच घरात खोटं पाडायचं, हे मीटरच्या जिभेवर येईना. अख्ख्या बाजारात असं एकालाही जमलं नसतं. उस्तादांनी ऐकलं म्हणजे ऐकलं, मग आपले कान काही का सांगेनात.

तो खाली गेला. लेकही तरातरा त्याच्या मागे गेली. उस्तादांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली गाडीजवळ ती दोघं उभी होती. लेक हातवारे करून काही विचारत होती आणि मीटर मान खाली घालून नुसता चाकाकडे बघत होता. 'गॅस भरायला एवढी चर्चा कसली,' असं म्हणून उस्ताद वळले. वळताना तो लोंबणारा मीटर डोळ्यांत खुपला. हे खेळणं आधी काढून पेटीत टाकावं म्हणून त्यांनी हात घातला, तर तो फिरला आणि आकडा समोर आला.

अर्धा अँपिअर.

उस्तादांचे डोळे अजून लख्ख होते. त्यांनी पुन्हा बघितलं. अर्धाच. मीटर न वापरणाऱ्यालाही हे गणित पाठ असतं. कॉम्प्रेसर चालू असला की हे मशीन सहा-सात अँपिअर खातं. अर्ध्यात चालतो तो फक्त बाहेरचा पंखा. म्हणजे त्यांच्या हाडाला लागलेली थरथर पंख्याची. म्हणजे कॉम्प्रेसर मेलेला होता, सकाळपासून मेलेला होता, आणि ते दोनदा त्याला कान लावून म्हणाले होते, गोड चालतोय.

आणि मीटरने हे पाहिलं होतं. पाहून त्या यंत्राचं तोंड भिंतीकडे केलं होतं.

कठड्याला धरून ते तसेच उभे राहिले. शरमेने कानशिलं तापली, उन्हाने तापली होती त्याहून जास्त. चाळीस वर्षांचं नाव, आणि पंख्याला कॉम्प्रेसर म्हटलं! शिकायला आलेल्याने पहिल्या दिवशी असं म्हटलं असतं तर त्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं नसतं.

मग डोकं चालायला लागलं, कारण चालू डोक्याची त्यांना सवय होती. अजून काही बिघडलेलं नाही. तीन वाजायला पाऊण तास आहे. ते वर आले की सांगायचं, 'मघाशी चालत होता, आत्ता बसला. सतरा वर्षांचं मशीन, शेवटी बसायचंच. चला, नवा लावा.' मीटर काही बोलणार नाही. बोलायचं असतं तर मघाशीच बोलला असता. बायकोला थंडावा मिळेल, लेकीचं समाधान होईल आणि उस्ताद उस्तादच राहतील. कुणाचं काय जातं? हे वाक्य तोंडात घोळवत घोळवत ते खोलीच्या दाराशी आले.

आणि तिथेच खिळले.

बायको उशांवरून एका बाजूला कलली होती. तिच्या हातात स्टीलचा चमचा होता आणि त्या चमच्याने ती पलंगाशेजारच्या रिकाम्या पेल्यावर मारत होती. पुन्हा पुन्हा. मनगट थकून खाली येत होतं, ती ते परत उचलत होती आणि मारत होती. चमचा पेल्याला लागताना उस्तादांना स्पष्ट दिसत होता.

आवाज काहीच नव्हता.

किती वेळ मारत होती कोण जाणे. बाल्कनी तिथून सहा पावलांवर. दार उघडं.

तिची नजर त्यांच्यावर गेली तसा चमचा थांबला. तिने तो चादरीखाली सारला, एखादी चोरी पकडली जावी तसा.

"तू... तू बोलावत होतीस मला?"

"छे हो!" ती मोठ्याने म्हणाली. सगळा दम एकवटून म्हणाली, मध्येच श्वास तुटला. "सहज वाजवत होते. चाळा. काम... चालू द्या तुमचं."

एवढ्यात लेक धावतच आत शिरली, मागे मीटर. "काय झालं आई? जिन्यात आवाज आला मला!" तिने आईला सरळ केलं, पेल्यात पाणी ओतलं. आई तिला काहीतरी सांगू लागली. ओठ हलत होते, नुसते हलत होते. एक अक्षर उस्तादांपर्यंत पोचत नव्हतं. आणि लेकीला वाकावंसुद्धा लागत नव्हतं. ती उभ्या उभ्या ऐकत होती, मान हलवत होती, उत्तर देत होती.

म्हणजे लेकीशी ती हळूच बोलते.

म्हणजे छातीसाठी नव्हतं ते. कुठल्याही डॉक्टरने काहीही सांगितलेलं नव्हतं. ज्या बाईला चार वाक्यं सलग बोलली की धाप लागते, ती गेले कित्येक महिने फक्त यांच्यासाठी ओरडत होती आणि वर कारणही शोधून ठेवलं होतं, यांनी विचारू नये म्हणून. आजही या भट्टीत पडून 'थंड आहे' म्हणाली. आणि रात्री? रात्री तिने हा चमचा किती वेळा वाजवला असेल? आपण शेजारी घोरत पडलेलो असताना किती वेळा वाजवून वाजवून ठेवून दिला असेल?

उस्तादांना एकदम रडू फुटलं. बाजारातला एवढा नाकावर राग असलेला माणूस, दाराच्या चौकटीला धरून लहान मुलासारखा रडायला लागला. लेक घाबरून उठली.

"बाबा, अहो काय होतंय तुम्हाला?"

"मीटर," ते म्हणाले. आवाज किती मोठा लागलाय याचं त्यांना भान नव्हतं. "कॉम्प्रेसर बंद आहे. सकाळपासून बंद आहे. तुला माहीत होतं."

मीटरने घाईघाईने हात हलवले. "नाही उस्ताद, मघाशी चालत असेल, आत्ताच कदाचित..."

"गप्प बस! माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, मला स्वतःलाच चांगलं बोलता येतं. आत्ता तेच बोलायला आलो होतो." त्यांनी बाहीने डोळे पुसले. मग लेकीकडे वळले. "मला ऐकू येत नाही. उजव्याने अजिबात नाही. डाव्याने असंतसं. दीड वर्ष झालं. मी मशीन ऐकलं नाही, नुसता कान लावला. चूक माझी आहे. रात्री हिने हाक मारली तर मला ती ऐकू येणार नाही, आजवरही आली नसणार. नर्स बोलाव. आजपासून बोलाव. आणि तू," मीटरला म्हणाले, "उभा काय राहिलास? दुकानात फोन कर. तो नवा आण. हा जुना मीच उतरवतो."

खोलीत कुणी काही बोललं असलं तरी उस्तादांना ते कळलं नसतं. त्यांनी बायकोकडे मात्र पाहिलं नाही. पाहायची हिंमत होईना.

तीनला दहा कमी असताना गाडी आली. ज्याने तो एसी सांगून ठेवला होता त्याची मीटरने कशी समजूत घातली ते त्यालाच ठाऊक. मीटर आणि त्याचे दोन फिटर असे कामाला भिडले की बोलायला फुरसत नाही. लेक बर्फाच्या पाण्यात टॉवेल बुडवून आईच्या मानेवर, तळपायांवर ठेवत राहिली. आकडा तेहतीस झाला, तिथेच अडून राहिला. आईचे ओठ पांढरे पडले होते आणि लेकीने अँब्युलन्सचा नंबर काढून फोन मांडीवर ठेवला होता. उस्तादांनी जुन्याचे नट सोडवले. त्यांचे हात अजून कुणापेक्षाही जलद होते, हे मीटरने पाहिलं आणि फिटरांना बाजूला व्हायला सांगितलं. सतरा वर्षांचा तो डबा ब्रॅकेटवरून उतरताना उस्तादांनी त्याच्यावर एकदा हात ठेवला. कान लावला नाही.

पावणेपाचला नवा चालू झाला. मीटरने चिमटा तारेला लावला आणि या वेळी आकडा उस्तादांच्या समोर धरला. उस्तादांनी चष्मा न लावता वाचला आणि मान हलवली. सव्वापाचला घड्याळात तीस आले, सहाच्या आत सत्तावीस. बायकोच्या ओठांना रंग आला. लेकीने फोन बाजूला ठेवला आणि भिंतीला टेकून ती तशीच खाली बसली.

मीटर निघताना पुन्हा पाया पडला. काही म्हणालाही. उस्तादांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "कान बघणारा डॉक्टर कोण चांगला आहे ते विचारून ठेव," ते म्हणाले. "आणि तो तुझा मीटर कितीला मिळतो तेही सांग."

लेक नर्सला फोन करायला बाहेर गेली. खोलीत दोघंच उरली. उस्तादांनी खुर्ची ओढली, डावा कान तिच्याकडे येईल अशी. तरी नजर चादरीकडेच. चमच्याचं टोक चादरीखालून बाहेर आलं होतं. त्यांनी तो उचलला, पुसला आणि पेल्याशेजारी नीट ठेवला.

तिने काहीतरी म्हटलं. हळूच म्हटलं. ओरडली नाही. ओठ हलले आणि थांबले.

इतक्या दिवसांच्या सवयीने त्यांची मान आपोआप डोलायला निघाली. 'बरोबर आहे' हे शब्द तर जिभेवर तयारच होते. त्यांनी मान थांबवली. शब्द गिळले.

"काय म्हणालीस?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसलीही. मग उशीवरून जरा पुढे झाली, तोंड त्यांच्या डाव्या कानाशी नेलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, ओरडायला लागण्याआधीच्या आवाजात म्हणाली, "म्हटलं, आकडा दोनने वाढवा. गारठले मी."

उस्तादांनी रिमोट शोधला आणि दोनने वाढवला.